बुटकीचा उपास

२४ सप्टेंबर, बुधवार

चालली! चालली! चालली!

आज जेवणाच्या सुट्टीआधी आमची लोडर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या चाकांवर गेली, आणि चालवत होते मी. रूमवर येऊन सोनियाला सांगायला लागले तर ती म्हणाली, "श्रेया, दिवसभर बँकेत माणसांच्या कटकटी ऐकून आले आहे, आता मशीनच्या नकोत." सोनिया माझी रूममेट. पुंडलिकनगरात तिच्याइतकी अरसिक मुलगी दुसरी नसेल. म्हणून ही डायरी काढली. हिला तरी जांभया येणार नाहीत.

तर डायरीबाई, नीट ऐका. जमिनीखालच्या खाणीत सुरुंगानं फोडलेला दगड बकेटमध्ये भरायचा, उचलायचा आणि नेऊन ओतायचा, हे आमच्या लोडरचं काम. खाणीचं छत खाली म्हणून ही बुटकी, बोगदे अरुंद म्हणून लांबुळकी, आणि वळणं अवघड म्हणून कमरेत वळते. आमचे फोरमन राजकुमारभाऊ तिला पहिल्याच दिवशी 'बुटकी' म्हणाले आणि करुणा मॅडमनी ठेवलेलं भारदस्त इंग्रजी नाव तिथंच मेलं. अशा लोडर बहुतेक ठिकाणी डिझेलवर चालतात. बंद बोगद्यात धूरही कोंडतो आणि आवाजही. बुटकी बॅटरीवर चालते. धूर नाही, आवाज नाही, काही नाही. नुसती जाते!

करुणा मॅडम म्हणजे आमच्या मालकीण. चिकलठाण्याच्या कारखान्यात इतकी वर्षं सुखानं हायड्रॉलिक सिलिंडर बनवत होत्या, त्यांना हे वेड लागलं. तेरा ऑक्टोबरपासून भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या एका खाणीत बुटकीची आठवडाभर चाचणी आहे. पास झाली तर ती तिथंच राहील आणि तिच्या मागून बहिणी जातील. नापास झाली तर एक डिझेलची लोडर रांगेत उभीच आहे. आणि तिथल्या ड्रायव्हरांना शिकवायला जमिनीखाली कोण जाणार? ही श्रेया, मुक्काम पोस्ट पिशोर, तालुका कन्नड!

प्रणयनं टाळ्या वाजवता वाजवता स्वतःचा डबा पाडला. बॅटरी त्याच्याकडं आणि उरलेली मशीन माझ्याकडं, अशी आमची वाटणी. डब्यात भरलेली वांगी होती. मला आवडतात म्हणून वाईट वाटलं. हा माणूस आठवड्यातून तीनदा भरलेली वांगी का आणतो कुणास ठाऊक.

२८ सप्टेंबर, रविवार. पिशोर

पावसानं रस्त्याची चाळण केली आहे. एसटीत निम्मा वेळ मी सीटवर आणि निम्मा हवेत होते. पण बातमी तोंडानं सांगायची होती, फोनवर बाबांना सांगणं म्हणजे अख्ख्या पुंडलिकनगराला सांगणं.

बाबा म्हणजे रामकिसन मिस्त्री. डिझेलचं इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. 'सांगायचे' लिहावं लागतं, कारण आयुष्यभर इंजिनांच्या धडधडीत डोकं घालून त्यांचे कान गेले आहेत. आता ते इंजिनाला हात लावून दुखणं ओळखतात आणि माणसांना "आं?" म्हणतात.

पहिल्या पगारातून मी त्यांना कानाचं यंत्र आणलं होतं. त्यांनी ते एकदाच घातलं, तेही गॅरेजमध्ये, इंजिन चालू असताना. "यात निस्ती घरघर हाय," म्हणून काढलं ते सुपारीच्या डब्यात गेलं. अजून तिथंच आहे.

आज आईनं ओट्यापाशी हळूच सांगितलं की मागच्या बाजाराला टेम्पोवाला मागून हॉर्न बडवत होता आणि बाबा रस्त्याच्या मधून निवांत चालले होते. तिनं हात धरून ओढलं म्हणून बरं. (हळूच सांगायची तशी काही गरज नव्हती.) बाहेर गेले आणि बाबांपुढं उभी राहिले.

"बाबा, आमची लोडर चालली!"

"आं?"

"लोडर! चालली!"

"आवाज कसा हाय?"

"आवाज नाहीच!"

"मग चालली कशावरनं म्हणती?" बाबांनी हात पुसले. "आवाज नाय ती मशीन नव्हं पोरी. ते कपाट हाय."

मला असा राग आला! म्हटलं, "लावता पैज? खाणीत हप्ताभर चालली तर ते यंत्र कानात घालायचं. रोज."

"तुझं कपाट? हप्ताभर?" बाबा शेजारच्या किराणावाल्याला ऐकू जाईल असं हसले. "घालीन. झोपताना बी घालीन."

आई साक्षीदार आहे. झालं तर मग. आता मला मॅडमच्या धंद्याचं, खाणीचं, देशाचं, सगळ्यांचं भलं व्हायला हवंच आहे, पण खरं सांगू? मला बाबांना त्या टेम्पोचा हॉर्न ऐकू यायला हवा आहे. बुटके, आता सगळं तुझ्या चार चाकांवर आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आजचा दिवस! कुठून सुरू करू?

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी यंत्रं पुसूनपासून, झेंडूचे हार घालून, बंद. मॅडम दरवर्षी घरच्यांना पूजेला बोलावतात. मी आईबाबांना म्हटलं होतं, पण बाबा कपाटाच्या पूजेला येतील असं वाटलं नव्हतं. आले! धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि पिशवीत पिशोरहून आणलेला स्वतःचा नारळ. "शहरातला नारळ आतून कसा निघंल काय सांगावं," म्हणाले.

पिशोर भागात नवा ट्रॅक्टर आला की पूजेला बाबांना बोलावतात. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, पुढं नारळ, आणि शेवटी टाकीच्या तोंडाला साखर आणि नारळाचं पाणी लावायचं. तो मशीनचा पहिला घास. ही बाबांची स्वतःची रीत. आज ते बुटकीभोवती दोन चकरा मारून आले, वाकून खाली पाहिलं, टायर दाबले आणि विचारलं, "हिचं तोंड कुठाय?"

हिचं! कपाटाचं 'हिचं' झालं!

मी पळत जाऊन बाजूचं झाकण उघडलं, आतलं टोपणही काढून दाखवलं. "इथून खाते बाबा! चार्जिंगचं सॉकेट!" आणि व्हिडिओ काढायला मागं सरकले तोवर मॅडमनी आरतीला हाक मारली. आरतीतून मान वळवून पाहते तर बाबा अर्धी करवंटी हातात धरून बुटकीला घास भरवत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. बाबा पुटपुटतात तेही ओरडून, त्यामुळं आरती थांबली आणि सगळ्या शेडनं ऐकलं: "खा माय, पोटभर खा. माझ्या लेकीची लाज राख."

मला रडू यायला लागलं. मॅडमनाही आलं. नंतर झाकण कुणी लावलं, प्रसाद कुणी वाटला, मला काही आठवत नाही.

मुहूर्ताला प्रत्येक मशीन क्षणभर सुरू करायची आमची पद्धत. मी बुटकीवर चढले, बटण दाबलं. बाबा पुढं उभे.

"चालू कर की."

"चालूच आहे!"

"आं?"

मी जरासं पुढं घेतलं आणि बाबा चक्क बाजूच्या ड्रमवर जाऊन बसले. प्रणयनं त्यांचा दंड धरला होता म्हणून, नाहीतर पडलेच असते. बाबांनी टोपी सावरली. म्हणाले, "भूत हाय हे. धूर नाय, आवाज नाय, आन् अंगावर येतंय." मी लगेच राजकुमारभाऊंना सांगून पुढं निळा दिवा आणि चालताना वाजणारी घंटी बसवायला घेतली. खाणीत सगळी माणसं मशीनच्या आवाजाच्या भरवशावर असतात. बाबांनी चाकाखाली येता येता दाखवलं नसतं तर हे सुचलं नसतं.

जाताना प्रणयला म्हणाले, "पोरा, बॅटरी म्हंजे पोटच की. नीट जप." प्रणय एकदम लाजला. बॅटरीचं कौतुक त्याला सहन होत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बुटकी जेवत नाही.

सकाळी चार्जिंगची केबल लावली आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: इन्सुलेशन फॉल्ट. म्हणजे वीज जिथं जाऊ नये तिथं कुठंतरी पाझरते आहे असा तिला संशय येतो आणि ती चार्जिंग घ्यायला साफ नकार देते. केबल काढली, लावली. नकार. चालायला चालते, पण पोटात आहे त्यावर. निम्म्याहून कमी उरलं आहे.

राजकुमारभाऊ म्हणाले, "नवरात का उपास पकडी दिखती मॅडम. छोडना भूल गई."

सगळे हसले. मीही हसले. सोमवारपर्यंत सुटेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

केबल बदलली. नाही. दुसरा चार्जर आणला. नाही. तोच चार्जर शेजारच्या फोर्कलिफ्टला लावला तर ती कशी गटागटा पिते!

बुटकीच्या बाजूनं मुंग्यांची ही रांग लागली आहे. पाऊस लांबला की मुंग्या घरात शिरतात. आणि प्रणय डबा कुठंही ठेवतो. पावडर टाकायला सांगितली.

६ ऑक्टोबर, सोमवार

मला कळलं! सॉकेटच्या मागची केबल! पुण्याच्या पुरवठादारानं नक्की हलका माल दिला आहे. फोन करून मी त्याला असं सुनावलं की मॅडम केबिनबाहेर येऊन बघायला लागल्या. तो शांतपणे म्हणाला, "ताई, केबल काढून तपासा." काढून तपासली. केबल ठणठणीत. फोन करून माफी मागायला हवी. उद्या मागते. (डायरी, हे तुझ्यातच राहू दे. आज माझ्याच्यानं व्हायचं नाही.)

दुपारी बाबांचा फोन. "जेवली का ती?"

"नाही बाबा!"

"आं?"

"नाही जेवली!"

बाबांचा आवाज एकदम उतरला. मग म्हणाले, "लिंबू बारीक व्हतं का गं? का पूजा दसऱ्याला करायला पायजे व्हती? माझंच कायतरी चुकलं."

"बाबा! तुमच्या पूजेचा याच्याशी काडीचाही संबंध नाही!" हे मी इतक्या जोरात म्हटलं की शेडमधला वेल्डिंगवालाही माझ्याकडं बघायला लागला. चूक कुणाची कुणास ठाऊक, आणि हा बिचारा देवभोळा माणूस स्वतःला दोष देतोय.

"तरीबी," बाबा म्हणाले, "एक नारळ एसटीच्या ड्रायव्हरजवळ धाडतो. घासात कमी पडलं असंल. परत एकदा भरव."

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज हसू आलं नाही. मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, ट्रेलर परवा सकाळी निघणार. बुटकी जेवली नाही तर ट्रेलर पाठवायचाच नाही, खाणवाल्यांना कळवायचं आणि विषय संपवायचा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पेनचं टोपण लावत, काढत बसल्या होत्या.

बाजारातला तो रस्ता डोळ्यांसमोर येतोय. टेम्पो येतोय आणि बाबा चालताहेत.

मुंग्या पावडरीला जुमानत नाहीत. उलट वाढल्या आहेत. काळ्या, बारीक, शिस्तीच्या. निदान शेडमध्ये कुणाचं तरी काम वेळेवर चाललंय.

८ ऑक्टोबर, बुधवार

जेवली!! बुटकी जेवली!! पोट भरलं, काठोकाठ, हिरवं, शंभर! मी राजकुमारभाऊंना मिठी मारली, मग लक्षात आलं की ते फोरमन आहेत.

झालं असं. सकाळी सिडको बसस्टँडवरून बाबांचा नारळ घेऊन आले. म्हटलं, बाबांच्या समाधानाला काय जातंय? तशीच नारळ घेऊन बुटकीकडं निघाले तर प्रणय आडवा आला.

"हे काय?"

"नारळ. बाबांनी पाठवलाय. बुटकीच्या तोंडाला लावायला, पूजेला लावला तसा."

प्रणय माझ्याकडं बघत राहिला. मग नारळाकडं. मग बुटकीकडं, तिच्या मुंग्यांकडं, परत माझ्याकडं. एकदम नारळ माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "आज नाही फोडायचा. मी... मी नवस बोललोय. खाणीवर फोडू."

मला केवढं आश्चर्य वाटलं! हा मुलगा देवाला कधी हात जोडत नाही, पूजेला येतो तो पेढ्यांसाठी. आणि बुटकीसाठी नवस बोलला! माणसाचा अंदाज येत नाही हेच खरं.

मग त्यानं मला मॅडमकडं कसलीतरी सही आणायला पाठवलं. मॅडमना त्या सहीबद्दल काहीच माहीत नव्हतं, दोघींनी तासभर फायली उलथ्यापालथ्या केल्या. परत आले तर प्रणय बुटकीपुढं मांडी घालून, घरून आणलेला बहिणीचा हेअर ड्रायर हातात, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. हसण्याचं! विचारलं तर आणखी हसायला लागला. शेवटी म्हणाला, "सॉकेटमध्ये ओलावा होता. पुसलं, वाळवलं. लाव केबल."

लावली. आणि जेवली!

इतकं साधं! पाऊस! एवढा पाऊस झाल्यावर हवेत दमटपणा नसेल तर काय असेल? आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? प्रणयनं रिपोर्टमध्ये 'ओलावा' एवढंच लिहिलं. मॅडम येऊन सॉकेटशी वाकल्या, जोरात श्वास घेतला, प्रणयकडं पाहिलं, आणि तडक केबिनमध्ये गेल्या. दुपारी फळ्यावर सूचना लागली: 'पुढील वर्षापासून पूजेस फक्त फुले.' इतक्या भाविक बाई, अचानक काय झालं कळत नाही.

मुंग्याही गेल्या. पावडर चांगली निघाली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. खाणीवर

डायरी, मी गाढव आहे. पण आनंदी गाढव आहे.

सकाळी बुटकी ट्रेलरवरून उतरली तेव्हा खाणीचे लोक गोळा झाले. हिरवी टेकडी, तिच्या पोटात जाणारा उतार, आत काळाकुट्ट बोगदा. मला हेल्मेट, दिवा, मोठाले बूट. बूट माझ्याहून एक नंबर मोठे, मी बदकासारखी चालत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

बुटकी चालवायला खाणीनं दिलेला माणूस म्हणजे डोमाजी उईके. इथला सगळ्यात जुना ड्रायव्हर, सारी नोकरी डिझेलच्या लोडरवर गेलेली, आता निवृत्तीला टेकलेला. प्रणयनं बॅगेतून बाबांचा नारळ काढला. 'नवस' म्हणून मीच तो मोठ्या मानानं डोमाजींच्या हातात दिला. डोमाजींनी नारळ हलवून पाण्याचा आवाज ऐकला, बुटकीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिचं तोंड कोठी हाये जी?"

"तोंडाला नाही!" प्रणय असा ओरडला की मॅनेजर साहेबांच्या हातातला चहा सांडला. झाकणाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा! "चाकाला! काका, चाकाला फोडा! तोंडाला अजिबात नाही!"

सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एकेक करून दिवे लागले. हिचं तोंड कुठाय. मीच उघडलेलं झाकण. मीच काढलेलं टोपण! अर्धी करवंटी. खा माय, पोटभर खा. साखर. मुंग्या. मुंग्या!! मी त्यांना पावडर टाकत होते आणि त्या बिचाऱ्या मला बोट दाखवून सांगत होत्या.

मी बुटकीच्या पुढच्या भागावर हेल्मेटसकट डोकं टेकलं आणि जी हसत सुटले. डोमाजींना वाटलं पोरीला खाणीची भीती वाटली, त्यांनी पाणी मागवलं.

नंतर प्रणयला गाठलं. "सांगितलं का नाहीस?"

"तुझे बाबा एवढ्या मायेनं भरवत होते," तो म्हणाला. "आणि त्यांना कळलं असतं तर परत कुठल्या मशीनला हात लावला असता का त्यांनी?"

"मॅडमना माहीत आहे?"

"त्यांनी वास घेतला ना."

मग म्हटलं, भरलेली वांगी आणली आहेस का? आणली होती. भंडाऱ्यापर्यंत!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जमिनीखाली! मी जमिनीखाली होते! उतारानं जाता जाता मागचा उजेड बांगडीएवढा झाला आणि मग गेला. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली. पण आनंदाला जागा कमी पडेल इतकी नाही.

डोमाजी बसले, बटण दाबलं, आणि वाट बघत राहिले.

"चालू कोठी झाली?"

"चालू आहे काका."

"आँ?"

मी बाबांची लेक आहे, मला हा शब्द पाठ आहे. पुढं घ्या म्हटलं. निळा दिवा लागला, घंटी टुणटुणली, बुटकी दगडाच्या ढिगाला भिडली. बकेट भरली, मागं आली, कमरेत वळली, ओतली. परत. परत. बोगद्यात नुसता दगडांचा खडखड आणि घंटी. एरवी इथं खुणांनी बोलणारी माणसं शेजारी उभं राहून साध्या आवाजात तंबाखू मागत होती.

आणि मग गाणं सुरू झालं. कसलं म्हणजे कसलंच सुरात नसलेलं, पण मनापासून. मी इकडंतिकडं बघते तर डोमाजी! बकेट भरताना मान डोलवत गात होते. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "काका, बंद करा जी! डिझेलच बरी होती!"

डोमाजींनी बुटकी थांबवली. "म्या गाऊन राहिलो का?"

"जोरात!"

"रोजच गातो बाप्पा म्या," डोमाजी म्हणाले. "इंजिनात कधी ऐकूच नाही आलं. मले बी नाही." त्यांनी बुटकी पुढं घेतली. मग परत गायला लागले, मघापेक्षा जोरात. मॅनेजर साहेबांना विचारून मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. हे बाबांना ऐकवायचं म्हणजे ऐकवायचंच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पास! पास! पास! हप्ताभर एकदाही उपास नाही! बुटकी इथंच राहणार, आणि तिला बहिणी होणार. मॅडमना फोन केला तर पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. पुण्याच्या केबलवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, दिवाळीच्या शुभेच्छा ताई. भला माणूस.

बुटकीला सोडून येताना तिच्या अंगावरून हात फिरवला. डोमाजी म्हणाले, "रडू नको पोरी, जेवू घालतो मी तिले वेळेवर." प्रणयनं त्यांना बाजूला नेऊन पुन्हा एकदा समजावलं की वेळेवर म्हणजे फक्त वीज.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. पिशोर

मी काही म्हणायच्या आत बाबांनी सुपारीचा डबा काढला. पैज ती पैज. यंत्राला सुपारीचा भुगा लागला होता, तो फुंकला. मी नवीन सेल घातला आणि कानात बसवून दिलं. गॅरेज पाडव्याला बंद, त्यामुळं घरघर नव्हती. बाबा दचकले. म्हणाले, "बाहेर चिमण्या हायत व्हय?"

मग मी रेकॉर्डिंग लावलं. बाबांनी डोळे मिटले. दगडांचा खडखड, घंटी, डोमाजींचं गाणं. बाबा ऐकत राहिले. ऐकत राहिले. मग डोळे उघडले.

"मशीन कुठाय?"

"चालूच आहे बाबा. पूर्ण वेळ."

"परत लाव."

परत लावलं. ते मोबाइलवर वाकून बसले, पूर्वी इंजिनावर वाकायचे तसे. शेवटी मान हलवली. "मशीन चोख हाय," म्हणाले. "गडी बेसूर हाय."

डायरी, मला याहून मोठं बक्षीस नको!

मग म्हणाले, "माझा नारळ लागू पडला का नाय मग?"

"पडला बाबा," मी म्हटलं. "पार आतपर्यंत." आणि हसू दाबायला शेवयाच्या पातेल्यात तोंड घातलं.

संध्याकाळी आईनं बाबांना ओवाळलं. बाबा पाटावर, आई ताट घेऊन, आणि दरवर्षीप्रमाणं ओठातल्या ओठात पुटपुटत: "देवा, म्हाताऱ्याला लई औक्ष दे, आन् जमलं तर थोडी अक्कल दे."

"अक्कल बी येईल हळूहळू," बाबा म्हणाले.

ताट हातातून सुटलंच असतं. आईचा चेहरा! पदरानं तोंड झाकून ती आत पळाली आणि आतून हसण्याचा आवाज येत राहिला.

"दरसाल हेच मागती व्हय?" बाबांनी विचारलं.

"दरसाल!" आतून उत्तर आलं.

प्रणयचा फोन आला होता. भाऊबीज झाल्यावर पिशोरला येतो म्हणाला, बाबांचं गॅरेज बघायला. बॅटरीवाल्याला डिझेलच्या गॅरेजमध्ये काय बघायचंय? पण येऊ दे. आई वांगी भरणार आहे. मी सांगितलंच नव्हतं तिला, तिलाच सुचलं.

आत्ता हे लिहीत ओसरीवर बसले आहे. बाबा खांबाला टेकून. आत स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग आईचा, अगदी हळू, जणू स्वतःशीच:

"चहा टाकू का?"

"टाक," बाबा म्हणाले.

आई दारात येऊन उभी राहिली. बाबांकडं बघत राहिली. मग परत आत गेली, आणि मघापेक्षाही हळू विचारलं:

"साखर?"

"दोन चमचे," बाबा म्हणाले.